कांबळ्याखालचं इंजिन

हॉलिस टॅकेटच्या अंत्यविधीला डेल्मर गॅस्किन खिशात रोटर घेऊन बसला होता. रोटर म्हणजे इंजिनाच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये फिरणारा अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो काढून घेतला की गाडी जागची हलत नाही. डेल्मरने गाडी कुठेही उभी केली की आधी रोटर खिशात जायचा आणि मग पुढचं काम, ते हजामतीचं असो, मतदानाचं असो की प्रार्थनेचं. पाद्रीबुवांनी "माणसाने विश्वास ठेवायला शिकावं" अशी सुरुवात केली, तेव्हा डेल्मरने खिसा चाचपून पाहिला. रोटर जागेवर होता. मग त्याने डोळे मिटले.

बाहेर त्याची कूपे उभी होती. १९३४ सालची दोन दारांची फोर्ड. कुण्या बागवाल्याच्या आवारात तिच्यात कोंबड्या राहायच्या, तिथून डेल्मरने तरुणपणी ती उचलली होती. छप्पर चार बोटं कापून खाली आणलं, मडगार्ड फेकून दिले, मागे रुंद टायर घातले, पुढून ती इतकी दाबली की उभी असली तरी काहीतरी हुंगत निघाल्यासारखी दिसायची. आठवडाभर रस्त्यावर चालवायची आणि शनिवारी शर्यतीत पळवायची अशी हॉट रॉड. तिला रंग मात्र कधीच लागला नाही. चाळीसेक वर्षं ती अस्तराच्या राखाडी रंगातच होती, कारण बेकर्सफील्डपासून फ्रेस्नोपर्यंतचे यच्चयावत रंगारी पत्र्याचे खड्डे लांबीने बुजवून वर रंग फासतात, असं डेल्मरचं मत होतं. त्याने तीस वर्षं हायवेवरच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरी केली होती. त्या नोकरीतून त्याला पेन्शन मिळालं आणि एक तत्त्वज्ञान: प्रत्येक माणूस थोडंसं खोटं बोलतो, आणि जो बोलत नाही तो जास्त बोलतो.

अंत्यविधीनंतर सगळे चर्चमागच्या हॉलमध्ये हॅम आणि बटाट्याचं सॅलड खायला जमले. हॉलिसची बायको ओपल खुर्चीत बसून होती. तिने कागदी ताटली बाजूला ठेवली आणि बोटाने दोघांना बोलावलं. एक डेल्मर आणि दुसरा लॉइड बीझली.

लॉइड बदामाचे ट्रक चालवायचा, म्हणजे तीस वर्षं डेल्मरच्या काट्यावरूनच गेलेला. त्याचीही हॉट रॉड होती, पिवळीधमक, दोन्ही अंगांना ज्वाळा काढलेली. लॉइड सदानकदा हसतमुख असायचा. डेल्मरला ही गोष्ट कधीच साधी वाटली नव्हती.

"हॉलिसने शेडमध्ये जे ठेवलंय ते तुम्हा दोघांनाही हवंय, मला ठाऊक आहे," ओपल म्हणाली. "जायच्या आधी तो म्हणाला, यांच्यापैकी एकाला दे. मी विचारलं, कुणाला? तर झोपला."

"झोपला म्हणजे?" डेल्मरने विचारलं.

"झोपला म्हणजे झोपला, रे बाबा. सकाळी उठून ओटमील मागितलं. मी पुन्हा विचारलं नाही. माझं मी ठरवलंय. धुकं पडून विमानतळाची जुनी पट्टी बंद व्हायच्या आत शेवटची शनिवारची शर्यत आहे. तुम्ही दोघं एकमेकांविरुद्ध पळा. जिंकेल त्याने इंजिन न्यावं."

"पण मिस ओपल, ते माझ्या कूपेसाठीच बनवलं होतं."

"हो. मग नेलं का नाहीस?"

डेल्मर सॅलडकडे पाहू लागला. का नेलं नाही, ते हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

हॉलिस इंजिनं जुळवायचा. त्याची एक रीत होती. नट मापाने आवळला की तो ओपलच्या नेलपॉलिशची बाटली घ्यायचा आणि नट व लोखंड यांच्या सांध्यावर लाल ठिपका द्यायचा. पुढे कुणी तो नट हलवला तर ठिपका फुटणार. हॉलिसचा ठिपका पडला की त्या नटाबद्दल कुणी काही बोलायचं नाही, असा त्या भागातला रिवाज. चांगले चांगले दांडगट लोकही पाळायचे. डेल्मरच्या कूपेसाठी त्याने आठ सिलिंडरचं, तीन कार्बोरेटरचं जुन्या घडणीचं इंजिन एक अख्खा हिवाळा खपून जुळवलं. डेल्मर ट्रेलर घेऊन न्यायला आला. इंजिनाभोवती दोनदा फिरला. सगळे ठिपके पाहिले. आणि म्हणाला, "एकदा हेड उचलून दाखव ना. फक्त बघतो." हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्याचं झाकण; ते उचलायचं तर ठिपके फुटणार.

 हॉलिसने चिंधीला हात पुसले, कोपऱ्यातल्या खाटेवरचं लष्करी कांबळं उचललं आणि इंजिनावर पांघरलं. डेल्मर रिकामा ट्रेलर घेऊन परत गेला. मैत्री तुटली वगैरे नाही. हॉलिस पुढेही त्याची गाडी दुरुस्त करायचा, डेल्मरच्या बायकोच्या, नडीनच्या, हातची पीचची पेस्ट्री खायचा. फक्त त्या इंजिनाचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही. दर रविवारी हॉलिस कांबळ्याखाली हात घालून पान्याने ते थोडं फिरवायचा, जाम होऊ नये म्हणून. डेल्मरने मग दुसरं कुठलंतरी इंजिन बसवलं. ते चालायचं. पण कूपेत दुसऱ्याच कुणाचंतरी काळीज धडधडतंय, असं त्याला रोज किल्ली फिरवताना वाटायचं. आता तो सहासष्टचा होता, आणि हॉलिस आणखी एखादं इंजिन बनवेल अशी सोय राहिली नव्हती.

"शर्यत तर शर्यत," लॉइड हसून म्हणाला.

हसला का, याचा डेल्मर घरी पोचेपर्यंत विचार करत होता.

*

त्या पट्टीवरच्या शनिवारच्या शर्यतीचा नियम अगदी साधा होता. पाव मैल जायला आपल्या गाडीला किती सेकंद लागतील, ते ज्याने त्याने आधीच पांढऱ्या बूटपॉलिशने काचेवर लिहायचं. ही झाली बोली. ज्याची बोली हळू, त्याला तेवढं आधी सोडतात, म्हणजे खटाऱ्यालाही आशा राहते. रेषा आधी ओलांडेल तो जिंकला. फक्त एकच अट: स्वतःच्या बोलीच्या आत पोचलात तर बाद. थोडक्यात, ही वेगाची शर्यत होती, पण फार वेग दाखवणाऱ्याला घरी पाठवत. साहजिकच प्रत्येक जण आपली गाडी आहे त्यापेक्षा हळू असल्याचं लिहायचा, शेवटच्या काही फुटांत ब्रेक दाबून वेळ जुळवून घ्यायचा, आणि शेजारचा हेच करताना दिसला की त्याला चोर म्हणायचा. वजनकाट्यावरून निवृत्त झालेल्या माणसाला याहून जवळचा खेळ सापडला नसता.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात लॉइड डेल्मरच्या घरी डाळिंबं घेऊन आला.

"हे कशाला?" डेल्मरने दारातूनच विचारलं.

"झाडाला लागली म्हणून."

"दर वर्षी लागतात."

"दर वर्षी आणतो की." लॉइड पायरीवर टेकला. "काय म्हणतेय कूपे?"

"आहे. तुझी?"

"गरम होतेय रे. रेडिएटर गळतोय. पळताना काही नाही, पण उभी राहिली की उकळते. नवा मागवलाय, पण शनिवारपर्यंत येईल असं दिसत नाही."

लॉइड गेल्यावर डेल्मर बराच वेळ डाळिंबांकडे पाहत बसला.

"नडीन, हा म्हणतो रेडिएटर गळतोय."

"मग गळत असेल," नडीन म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने एक कला साधली होती; नवऱ्याशी बोलताना ती हातातलं काम थांबवत नसे.

"गळत असेल तर मला कशाला सांगेल?"

"तू विचारलंस म्हणून."

"लोक विचारलं म्हणून खरं सांगत नसतात. मी तीस वर्षं काट्यावर होतो."

"माहीत आहे. पहिल्या भेटीत तू मला माझं वजन विचारलं होतंस."

"आणि तू खोटं सांगितलंस."

"खा ते डाळिंब."

डेल्मरने पहिलं डाळिंब नडीनला खाऊ दिलं. ती तासाभराने धडधाकट होती, तेव्हा त्याने दुसरं फोडलं. चांगलं गोड निघालं. तेही त्याला खटकलं.

सरावाच्या दिवशी तो पट्टीच्या कडेला बदामाच्या झाडांत दुर्बीण घेऊन उभा राहिला. लॉइडची पिवळी गाडी दोन फेऱ्या पळाली, दोन्ही वेळा परत येताना वाफ सोडत आली. लॉइडने खाली उतरून रेडिएटरात बादलीभर पाणी ओतलं, आजूबाजूला कुणी नव्हतं तरी कपाळावर हात मारला. डेल्मरने दुर्बीण खाली केली. नाटकं पुष्कळ पाहिली होती त्याने. काट्यावर चढण्याआधी ट्रकच्या टपावरून पोती ढकलणारे पाहिले होते. पण प्रेक्षक नसताना नाटक करणारा माणूस म्हणजे पोचलेलाच.

"त्याला कळलं असणार मी तिथे आहे," तो घरी म्हणाला.

"कळलं असणारच," नडीन म्हणाली. "झाडांत राखाडी हॉट रॉड लावून ठेवली होतीस."

*

शनिवारी आभाळ स्वच्छ होतं, पण पहाटेचं धुकं दुपारपर्यंत बागांच्या मुळाशी रेंगाळत होतं. हंगाम संपल्याची ती खूण. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शे-दीडशे माणसं जमली होती. ओपल शेवटच्या रेषेजवळ घडीची खुर्ची टाकून, मांडीवर थर्मास घेऊन बसली होती. आपण काय करून ठेवलंय याची तिला काडीची काळजी दिसत नव्हती.

बोली लिहायची वेळ झाली. डेल्मर बूटपॉलिशची बाटली घेऊन कूपेच्या काचेसमोर उभा राहिला आणि शेजारी बघू लागला. लॉइड त्याच्या काचेसमोर बाटली घेऊन इकडे बघत होता.

"लिही की," डेल्मर म्हणाला.

"तू लिही. तुझा मान मोठा."

"मी तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे."

"मग धाकट्याने आधी लिहावं."

शेवटी पट्टीचा माणूस ओरडला की दोघांनीही एकदम लिहा, नाहीतर दोघंही घरी जा. डेल्मरची कूपे साडेतेरा सेकंदांत जायची, हे देवाला आणि नडीनला माहीत होतं. त्याने लिहिलं: चौदा. लॉइडने लिहिलं: साडेतेरा. डेल्मरने तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. सरावात लॉइडची गाडी बरोबर साडेतेराच घेत होती. म्हणजे माणसाने जे आहे तेच लिहिलं होतं. म्हणजे जे दिसलं ते खरं नव्हतं. म्हणजे पिवळीत आणखी अर्धा सेकंद कुठेतरी दडवलेला असणार.

"चेहरा असा का झालाय?" नडीनने जवळ येऊन विचारलं.

"त्याने खरं लिहिलंय."

"अरे देवा," नडीन म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

गाड्या दिव्यांच्या खांबापाशी लागल्या. पिवळा, पिवळा, हिरवा. डेल्मर आधी सुटला. कूपेने मागच्या चाकांवर अंग टाकलं, नाक वर केलं, रबर जळल्याचा वास आत आला, आणि पुढचे काही क्षण डेल्मर गॅस्किन हा कुणावरही संशय नसलेला माणूस होता. आयुष्यात असे क्षण त्याला फक्त इथेच मिळत. मग आरशात पिवळा ठिपका मोठा होऊ लागला आणि तो पुन्हा स्वतः झाला.

शेवटची रेषा जवळ आली. खिशातला अर्धा सेकंद जाळायला हवा होता, म्हणून त्याने ब्रेक दाबला. शेजारून लॉइड आला. कूपे हळू होतेय हे पाहून त्यानेही दाबला. लॉइड काही संत नव्हता, याच पट्टीवर म्हातारा झालेला होता. शेजारच्याने ब्रेक दाबला की हा आपल्याला बोलीच्या आत रेषेपलीकडे पाठवून बाद करणार, हे इथे पोरं बोलायला लागायच्या आधी शिकतात. तो दाबतोय म्हणून याने आणखी दाबला. हा आणखी दाबतोय म्हणून त्याने पाय रोवला. टायर किंचाळले. धूर निघाला. आणि धूर विरला तेव्हा दोन्ही हॉट रॉड रेषेच्या गाडीभर अलीकडे, शेजारी शेजारी, इंजिनं गुरगुरत, चक्क उभ्या होत्या.

लाउडस्पीकरवरचा माणूस खाकरला. "मंडळी," तो म्हणाला, "दोन्ही गाड्या थांबल्या आहेत. कारण समजलं की कळवतो."

डेल्मरने काच खाली केली. लॉइडची आधीच खाली होती.

"थांबलास का?" डेल्मर ओरडला.

"तू थांबलास म्हणून."

"जा पुढे."

"तू जा. आधी सुटलेला तू."

"मी गेलो की तू हसणार."

"मी आत्ताही हसतोय."

हे खरं होतं, आणि डेल्मरला तेच नको होतं. बाकांवरून कुणीतरी हॉर्न वाजवला. मग सगळ्यांनीच वाजवले.

"मंडळी," लाउडस्पीकर म्हणाला, "दोन्ही बोलींची वेळ केव्हाच उलटून गेली आहे. आता बाद कुणीच होऊ शकत नाही. जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकला. डेल्मर, लॉइड, ऐकताय ना?"

दोघांनीही ऐकलं. पण निवेदक लॉइडच्या मेव्हणीचा नवरा होता, आणि डेल्मर हे विसरणाऱ्यांपैकी नव्हता.

"त्याचं बरोबर आहे बहुतेक," लॉइड म्हणाला.

"मग जा."

"जातो की." लॉइडने गिअर टाकला. पिवळी गाडी खोकली, थरथरली आणि बंद पडली. तिच्या नाकातून आधी एक बारीक रेघ निघाली, मग इस्त्रीवाल्याच्या दुकानासारखी भसाभस वाफ. लॉइडने किल्ली फिरवली. काही नाही. त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "सांगितलं होतं तुला," तो तसाच म्हणाला. "उभी राहिली की उकळते."

डेल्मर वाफेकडे पाहत होता. वाफ खरी वाटत होती. वासही येत होता. पण वास आणता येतो. रेषा समोर होती, मोकळी, पांढरी, कुणी अडवत नव्हतं. तीस वर्षांत जेव्हा जेव्हा एखादा ट्रक इतका निमूट काट्यावर चढला होता, तेव्हा तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी निघालं होतं.

त्याला हलवलं ते लॉइडने नाही आणि निवेदकानेही नाही. त्याच्या स्वतःच्या गाडीच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला होता. कूपेला पंखा नव्हताच, वजन वाचवायला त्यानेच काढला होता. आणखी थोडा वेळ संशय घेतला असता तर दोघंही तिथेच उकळले असते. डेल्मरने क्लच हळूच सोडला. कूपे बैलगाडीच्या चालीने रेषेवरून गेली. त्या पट्टीवर एवढ्या सावकाश कुणीही, कधीही जिंकलं नव्हतं.

ओपलने थर्मासचं झाकण लावलं. "जिंकलास," ती खुर्चीची घडी घालत म्हणाली. "सोमवारी ट्रेलर घेऊन ये."

*

सोमवारी शेडमध्ये तिने कांबळं ओढलं नाही. त्यालाच ओढू दिलं. खाली इंजिन जसंच्या तसं होतं. तीन कार्बोरेटर, प्रत्येक नटावर लाल ठिपका, काही जरा फिकट झालेले, पण एकही फुटलेला नाही. डेल्मरने टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"कांबळंही ने," ओपल म्हणाली. "ते त्याच्याबरोबरचंच आहे."

पहिल्या दिवशी तो गॅरेजमध्ये इंजिनासमोर खुर्ची टाकून नुसता बसला. दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं; इतकं दाट की अंगणातला टपालाचा डबा दिसेना. आणि धुक्याबरोबर प्रश्न आला. आपण जिंकलो कसे?

"तो बंद पडला म्हणून," नडीन म्हणाली.

"बंद पडला की पाडला?"

"तुझ्यासाठी? कशाला पाडेल?"

"तेच तर. या इंजिनासाठी तो जीव टाकत होता. आणि ऐन वेळी हातचं सोडतो. माणूस चांगली वस्तू हातची सोडत नाही, नडीन. माणूस वाईट वस्तू सोडतो."

इथून पुढे सगळं उताराला लागलं. लॉइडला काहीतरी माहीत होतं. लॉइडला माहीत असेल तर ओपलला माहीत असणार, नाहीतर तिने सरळ विकलं नसतं का? आणि ओपलला माहीत असेल तर ते हॉलिसकडूनच. हेड उचलून दाखव म्हटलं तर कांबळं पांघरणारा हॉलिस. ज्याच्या पोटात काही नाही त्याला टपावरची ताडपत्री उचलायला काय हरकत असते? डेल्मरने काट्यावर हा प्रश्न हजार ड्रायव्हरांना विचारला होता.

"नाताळच्या आत बसव ते गाडीत," नडीन म्हणाली. "किल्ली फिरव. चाललं तर चाललं."

"आणि आत भेग असेल तर?"

"तर कळेलच."

"तेव्हा कळून उपयोग काय?"

दुपारी ती बाजारात गेली. डेल्मरने गॅरेजचं दार आतून लावलं. पाना पहिल्या नटावर बसवला आणि थोडा वेळ तसाच धरून राहिला. लाल ठिपका पाहत राहिला. हॉलिसची सवय होती, ठिपका देताना तो जिभेचं टोक दातांत धरायचा. डेल्मरने जोर लावला. नट कुरकुरला आणि सुटला. नखाएवढा लाल कपचा उडून फरशीवर पडला. त्यानंतर बाकीचे सोपे गेले.

लॉइड आला तेव्हा दार उघडं होतं, आणि गॅरेजच्या फरशीवर वर्तमानपत्रांवर अख्खं इंजिन मांडलेलं होतं. दट्टे, झडपा, रॉड, सगळं ओळीने. मधोमध डेल्मर उपड्या बादलीवर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर मेणबत्ती विझल्यासारखं काहीतरी होतं. लॉइडच्या हातात डाळिंबांची पिशवी होती. त्याने ती ठेवली नाही.

"उघडलंस," तो म्हणाला.

"हो."

"काय सापडलं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. भेग नाही, ओरखडा नाही. तेलाचा पापुद्रा जिथे असायला हवा तिथेच. मी आजवर इतकं स्वच्छ इंजिन पाहिलेलं नाही." डेल्मरने हातातली झडप उलटसुलट केली. "हॉलिसने यात काहीच दडवलं नव्हतं, लॉइड."

लॉइड खाली वाकला, फरशीवरचा एक लाल कपचा त्याने बोटाच्या टोकावर घेतला आणि पाहिला. त्याचं हसू कुठे गेलं होतं कोण जाणे. डेल्मरला पहिल्यांदाच तो न हसता दिसला.

"त्याने जुळवलेलं हे शेवटचंच उरलं होतं ना," लॉइड म्हणाला.

"हो."

"आता कुणी जुळवायचं?"

डेल्मरने झडप वर्तमानपत्रावर ठेवली. आता ते जो जुळवेल त्याचं होणार होतं. लोखंड हॉलिसने निवडलेलं, पण हात डेल्मरचा. कूपेत एवढी वर्षं दुसऱ्या कुणाचं काळीज होतं. आता त्यात डेल्मर गॅस्किनचं बसणार होतं, आणि त्याच्यावर डेल्मर गॅस्किनचा अजिबात विश्वास नव्हता.

"खरं सांग," शेवटी तो म्हणाला, "तू मुद्दाम हरलास का?"

"रेडिएटर गळत होता रे."

"खरंच?"

"नवा आलाय. गाडीत पडलाय. दाखवू?"

डेल्मर उठायला निघाला होता. मग बसला. "नको," तो म्हणाला. हे त्याला फार जड गेलं.

*

ठिपक्यांसाठी तोच लाल रंग हवा होता. म्हणजे ओपलकडे जाणं आलं.

तिने दार उघडलं, त्याच्या हातांवरच्या काळ्या तेलाकडे पाहिलं आणि त्याला आत बसवून कॉफी दिली. डेल्मरने इकडचं तिकडचं पुष्कळ बोलून घेतलं. धुक्याबद्दल, बदामाच्या भावाबद्दल.

"आणि?" ओपल म्हणाली.

"मिस ओपल, ते... नेलपॉलिश. एखादी बाटली असेल तर."

ओपल उठली. आतल्या खोलीत खण उघडल्याचा आवाज आला. ती बाटली घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवली आणि पुन्हा बसली.

"मला वाटलं होतं नाताळपर्यंत टिकशील," ती म्हणाली. "हॉलिस म्हणाला होता, आठवडा."

डेल्मरने कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं, तर मग दिलंत कशाला?"

"जिंकलास ना."

"लॉइडने उघडलं नसतं."

"नसतं," ओपल म्हणाली. "पण लॉइड बंद पडला. कॉफी आणखी देऊ?"

इंजिन जुळवायला डिसेंबर गेला. लॉइड रोज यायचा, उजेडासाठी बॅटरी धरून उभा राहायचा, भाग पुसून द्यायचा. डेल्मर प्रत्येक नट मापाने आवळायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा. नडीन कधीमधी दारातून डोकावून जायची आणि काही बोलत नसे, हे तिच्या मानाने फार होतं. शेवटच्या दिवशी दुसरं हेड बसलं. डेल्मरने बाटलीचं झाकण उघडलं आणि एकेका नटावर लाल ठिपका द्यायला सुरुवात केली.  जिभेचं टोक आपोआप दातांत गेलं होतं.

लॉइड बॅटरी घेऊन त्याच्या खांद्यावरून वाकला.

"हा आवळलास?"

"आवळला."

"मापाने?"

"मापाने."

"आणि त्याच्या मागचा? मी त्या दिवशी जरा उशिरा आलो होतो, तो मी पाहिला नाही."

"आवळलाय, लॉइड."

लॉइड इंजिनाभोवती एकदा फिरला. मग उलट्या बाजूने पुन्हा फिरला. सगळे ठिपके नीट पाहिले. बॅटरी बंद केली.

"नाही म्हणजे, तुझ्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "पण एवीतेवी रंग ओलाच आहे. एकदा हेड उचलू या का? फक्त बघतो."

डेल्मरने बाटलीचं झाकण लावलं. चिंधी घेऊन एकेक बोट पुसलं. मग तो कोपऱ्यात गेला, खुर्चीवरचं लष्करी कांबळं उचललं आणि ठिपक्यांना लागणार नाही अशा बेताने इंजिनावर पांघरलं.

लॉइड कांबळ्याकडे पाहत राहिला.

"म्हणजे आत काहीतरी गडबड आहे," तो म्हणाला.